दह्याचे यंत्र आणि मराठवाड्याची हवा

दूध विरजण्याची विद्या आपल्या घरांत इतक्या जुन्या काळापासून नांदत आली आहे की, ती एक विद्या आहे, तिला काही नियम आहेत आणि त्या नियमांमागे निश्चित असा कार्यकारणभाव आहे, याचा विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. रात्री निजण्यापूर्वी कोमट दुधात चमचाभर विरजण ढवळावे, भांडे झाकून ठेवावे आणि सकाळी दही लागलेले असावे, एवढाच या व्यवहाराचा तपशील. आणि तो कोणत्याही दप्तरात नोंद न होता, केवळ पाहून पाहून, एका पिढीकडून दुसरीकडे पोचत आलेला. अलीकडे मात्र ‘योगर्ट मेकर’ या नावाचे विजेचे एक लहानसे यंत्र बाजारात आले असून, नांदेड-लातूरच्या बिऱ्हाडांतही ते घरपोच मागवता येते. जे काम मातीचे गाडगे विनातक्रार करीत आले, त्यासाठी वीज जाळावी कशाला, असा वडीलधाऱ्यांचा आक्षेप. आणि यंत्र घेऊनही दही मनासारखे लागत नाही, अशी तरुण मंडळींची तक्रार. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून निवाडा करावयाचा, तर दुधाचे दही होते म्हणजे नेमके काय होते हे आधी पाहिले पाहिजे. कारण या साऱ्या घडामोडीतील फक्त एका गोष्टीचा बंदोबस्त यंत्र करते, आणि ती गोष्ट मराठवाड्यात वर्षातले कित्येक महिने हवाच विनामूल्य पुरवीत असते.

दूध दिसायला एकजीव असले, तरी वस्तुतः ते अनेक द्रव्यांचे मिश्रण होय. त्यात पाण्याचा वाटा सर्वांत मोठा. त्या पाण्यात दुग्धशर्करा विरघळलेली, स्निग्धांशाचे सूक्ष्म गोलक तरंगणारे आणि प्रथिनांचे अतिसूक्ष्म पुंज विखुरलेले असतात. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन ‘केसीन’ या जातीचे असते, आणि दह्याचा सारा सांगाडा या केसीनचाच बनतो. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ च्या आसपास असतो. या अवस्थेत केसीनच्या पुंजांवर ऋण विद्युद्भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि सुटेसुटे राहतात. दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार होऊ लागले की सामू उतरू लागतो, भार क्षीण होत जातो, आणि सामू ४.६ च्या जवळ येता येता हे पुंज परस्परांना बिलगून एक नाजूक जाळे विणतात, ज्याच्या पोकळ्यांत पाणी, स्निग्धांश आणि उरलेली साखर अडकून पडते. यालाच आपण दही लागले असे म्हणतो. जाळे विणले जात असता भांडे हलवले, तर ते तुटते आणि त्यात कोंडलेले पाणी निवळीच्या रूपाने बाहेर पडते. विरजलेल्या भांड्याला हात लावू नये, या घरोघरच्या हुकमामागे एवढे शास्त्र आहे.

केसीनखेरीज दुधात आणखी काही प्रथिने असतात, जी एरवी निवळीबरोबर निघून जातात. दूध ८५ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवून काही वेळ त्या उष्णतेत ठेवले, तर या प्रथिनांची घडी उलगडते, ती केसीनच्या पुंजांना चिकटतात आणि पुढे होणाऱ्या जाळ्यात सामील होतात. जाळे त्यामुळे अधिक दाट विणले जाते आणि पाणी अधिक घट्ट धरून ठेवते. चुलीवर किंवा मंद आचेवर दीर्घ काळ तापत राहिलेल्या दुधाचे दही वडीसारखे कापता येते आणि घाईने एक उतू आणून उतरवलेल्या दुधाचे दही सैल राहते, ही सुगरणीच्या अनुभवातील गोष्ट प्रयोगशाळेच्या कसोटीलाही उतरते.

हे आम्ल तयार कोण करते, या प्रश्नाचा उलगडा होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. १७८० साली स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल शेले याने आंबट दुधातून हे आम्ल वेगळे काढले. १८५७ साली लुई पाश्चर याने ते आम्ल सजीव सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने निर्माण होते असे प्रतिपादन केले. आणि १८७० च्या दशकात, शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रूढ करणाऱ्या जोसेफ लिस्टर याने दूध आंबवणारा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा करून दाखवला. विरजण म्हणजे अशा कोट्यवधी जंतूंची वसाहत होय. त्यांना दुधात सोडले, त्यांच्या मानवणीची ऊब दिली आणि निवांत राहू दिले, की ते साखर खातात, आम्ल टाकतात आणि झपाट्याने वाढतात. आणि त्यांनी निर्माण केलेले आम्लच दूध नासवणाऱ्या इतर जंतूंना पायबंद घालीत असल्यामुळे दही दुधापेक्षा अधिक टिकते.

या जंतूंचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात, आणि यंत्राचा विचार करताना हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पहिला वर्ग साधारण २२ ते ३० अंशांच्या सौम्य उबेत सुखाने वाढणारा. ‘लॅक्टोकॉकस लॅक्टिस’ आणि त्याचे भाईबंद या वर्गातले. यांना दही लावण्यास बारा-चौदा तासांचा, प्रसंगी त्याहूनही अधिक अवधी लागतो. परंतु त्यांच्यापैकी काही जण डायअ‍ॅसिटिल नावाचे जे द्रव्य निर्माण करतात, त्यामुळे दह्याला, त्याच्या ताकाला आणि विशेषतः त्याच्या लोण्याला तो परिचित सुगंध येतो. दुसरा वर्ग ४० ते ४५ अंशांची उष्णता पसंत करणारा. ‘स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस’ आणि ‘लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस’ ही यातील प्रसिद्ध जोडी. हे दोघे एकमेकांना साहाय्य करतात: एक जण प्रथिनांचे तुकडे करून दुसऱ्याच्या पोषणाची तजवीज करतो, तर दुसरा फॉर्मिक आम्ल व कर्बवायू पुरवून पहिल्याच्या वाढीला चालना देतो. चार ते आठ तासांत ते दही लावतात आणि त्याला एक तीक्ष्ण, स्वच्छ आंबटपणा देतात.

या दुसऱ्या वर्गाच्या दह्याला जगभर जी कीर्ती मिळाली, तिचा इतिहास मनोरंजक आहे. १९०५ साली जिनिव्हा येथे अध्ययन करणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन तरुणाने आपल्या मायदेशीच्या दह्यातील दंडाकार जंतू शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील विख्यात शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध या दह्याशी जोडला, आणि त्यांच्या नावाला १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे वलय लाभल्यामुळे या मताचा मोठा बोलबाला झाला. वास्तविक ते पारितोषिक रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी होते, दह्यासाठी नव्हे. १९१९ साली आयझॅक करासो याने बार्सिलोना येथे ‘डॅनोन’ या नावाने दही तयार करून ते औषधाच्या दुकानांतून विकण्यास प्रारंभ केला. युरोप-अमेरिकेतील थंड स्वयंपाकघरांत हे दही घरी करावयाचे, तर ४०-४५ अंशांची ऊब कित्येक तास टिकवणे प्राप्त होते; आणि त्या गरजेतूनच, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विजेचे दहीयंत्र तेथील घरांत स्थिरावले.

या यंत्राची रचना अत्यंत साधी असते. तळाशी पंधरा-वीस वॉटचे एक तापणारे पाते, त्यावर काचेची, स्टीलची किंवा प्लास्टिकची एक बरणी अथवा लहान पेल्यांचा संच, आणि वर झाकण. यंत्र दूध तापवीत नाही, दूध निर्जंतुक करीत नाही आणि विरजणही पुरवीत नाही. आधीच कोमट असलेल्या दुधातून जी ऊब सतत निसटत असते, तिची भरपाई तेवढी ते करते. दुधाचे पातेले घोंगडीत गुंडाळणे, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणे, विझलेल्या चुलीच्या वैलावर ठेवणे, हे आपल्याकडील उपाय ऊब निसटण्याचा वेग कमी करतात, गेलेली ऊब परत आणीत नाहीत. जुने उपाय शिदोरी बांधून देणारे, तर यंत्र रोजचा शिधा पोचवणारे, एवढाच काय तो दोहोंतील फरक. विजेचा खर्च म्हणाल, तर वीस वॉटचे यंत्र आठ तास चालले तरी ०.१६ युनिट, म्हणजे पाव युनिटाहूनही कमी वीज जळते.

परंतु या साधेपणातच एक मेख दडलेली आहे, आणि ती आपल्या मुलखाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. चांगल्या यंत्रात उष्णता नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट असतो. ठरलेल्या अंशापर्यंत ऊब पोचली की तो वीज तोडतो आणि ती उतरली की पुन्हा जोडतो. स्वस्त यंत्रांतून हा नियंत्रक पुष्कळदा वगळलेला असतो आणि पाते अखंड तापत राहते. अशा यंत्रातील दूध किती तापेल हे भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. कारण पात्यातून येणारी उष्णता आणि बाहेर निसटणारी उष्णता यांचा मेळ, दूध हवेपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक गरम झाले, की बसतो. समजा, खोलीत २० अंश असताना दूध ४२ अंशांवर राहावे, अशा बेताने यंत्र बनवले असेल, तर ते दुधाला हवेपेक्षा बावीस अंशांनी वर ठेवणार. आता हेच यंत्र मे महिन्यात नांदेडच्या, वर स्लॅब तापलेल्या, ३८ अंशांच्या खोलीत लावले, तर दूध ६० अंशांकडे सरकणार, आणि विरजणातील बहुतेक जंतू दही लागण्याआधीच गतप्राण होणार. ‘यंत्र घेतले तरी दही लागत नाही’ या तक्रारीत दोष पुष्कळदा असा हवेचा आणि यंत्राचा मेळ न बसण्याचा असतो, आणि त्याचे खापर बिचाऱ्या दूधवाल्याच्या माथी फोडले जाते.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी आपल्या हवेचा हिशेब मांडणे इष्ट. गोदावरीच्या काठचे नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर, तर बालाघाटाच्या पठारावरील लातूर सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे दोन्ही शहरांचा उन्हाळा प्रखर असला, तरी लातूरची रात्र नांदेडच्या रात्रीपेक्षा लवकर निवते. चैत्र-वैशाखात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पलीकडे जातो आणि बंद खोल्यांतील हवा रात्रीही तिशीच्या वरच राहते. अशा दिवसांत दही चार-सहा तासांतच लागते, आणि रात्री नऊला विरजलेले दूध पहाटेपर्यंत आंबून निवळी सोडून बसते. या मोसमात प्रश्न ऊब देण्याचा नसून ती काढून घेण्याचा असतो, आणि त्यासाठी मातीच्या गाडग्यासारखे साधन नाही: त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडते, उडताना भांड्याची उष्णता घेऊन जाते, आणि दह्यातील फाजील पाणी मातीत शोषले गेल्यामुळे दही घट्टही होते. विरजण अर्ध्यावर आणावे, दूध पुरते निवू द्यावे आणि निजायला जाताना विरजावे, एवढी खबरदारी उन्हाळ्यात पुरते. पावसाळ्यात हवा पंचविशी-तिशीत रेंगाळते, आणि ती तर पहिल्या वर्गातील जंतूंची अगदी मनपसंत हवा होय.

खरी अडचण उद्भवते ती मार्गशीर्ष-पौषात. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला, की स्वयंपाकघरातील दूध पहाटेपर्यंत गारठते, जंतू मंदावतात, आणि सकाळी झाकण काढावे तर दूध तसेच पातळ, वर किंचित कडसर वासाचे. आणि नेमक्या याच दिवसांत लातूर आणि धाराशिवच्या बाजूला येळवस येते! वेळ अमावास्येच्या या सणाला लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी असते, शहरातील रस्ते ओस पडतात, आणि माणसे शेतात जाऊन भज्जी, उंडे व आंबील यांचा आस्वाद घेतात. त्या आंबिलाला ज्वारीच्या पिठाबरोबर ताक लागते, तेही घरच्यापुरते नव्हे, तर बांधावर येईल त्या पाहुण्याला पुरेल इतके. थंडीच्या कडाक्यात एवढे ताक जमवायचे म्हणजे दही नेमाने लागणे आले. आणि जिच्या घरात आता ना चूल राहिली ना जाड भिंतींची माळवदाची खोली, त्या शहरातल्या गृहिणीला या दोन-तीन महिन्यांत यंत्राचा खरोखर आधार होतो.

यंत्रानंतर दुधाचा विचार. हा मुलूख गुरांच्या नामांकित जातींचा आहे: लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने ओळखला जाणारा देवणी गोवंश, नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाचा लाल कंधारी गोवंश, आणि मराठवाडी म्हैस. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो किंवा उदगीरकडचा हाळी-हंडरगुळीचा बाजार असो, तेथे ही जनावरे पाहण्यासाठी व खरेदीसाठी दुरून माणसे येतात. गाईच्या दुधात सुमारे चार टक्के, तर म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो. शिवाय म्हशीच्या दुधात केसीनही अधिक, म्हणून त्याचे दही स्वभावतःच घट्ट. गाईचे दही त्या मानाने मऊ आणि हलके लागते; तो त्या दुधाचा दोष नव्हे, तर धर्म होय.

शहरांतील बहुसंख्य घरांत मात्र दूध पिशवीतून येते आणि त्या पिशवीवरील मजकूर वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ, डबल टोन्डमध्ये अनुक्रमे १.५ व ९ टक्के, तर फुल क्रीम दुधात ६ व ९ टक्के, असे सरकारी प्रमाण ठरलेले आहे. टोन्ड दूध ही कल्पनाच मुळी मुंबईची: म्हशीच्या दाट दुधात पाणी व साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून तेच दूध अधिक लोकांना परवडेल अशा भावात पुरवण्याची योजना १९४० च्या दशकात तेथील दूध योजनेचे अधिकारी दारा खुरोडी यांनी अमलात आणली, आणि पुढे १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. टोन्ड दुधाचे दही सैल लागत असेल, तर उपायही त्याच युक्तीतून निघतो: लिटरभर दुधात दोन-तीन चमचे दुधाची भुकटी तापवण्यापूर्वीच गुठळ्या न होऊ देता मिसळावी, म्हणजे प्रथिनांचे प्रमाण वाढून जाळे दाट विणले जाते. उदगीरचे नाव ज्यांच्या मनात तेथील दूध भुकटीच्या प्रकल्पाशी जोडलेले आहे, त्या पिढीला ही युक्ती नवीन वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष कृती. एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवावे, उकळी आल्यावर आच मंद करून मधूनमधून ढवळीत दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, आणि मग निवत ठेवावे. दूध ४३ ते ४५ अंशांवर आले की विरजण घालावयाचे. उष्णतामापक असल्यास उत्तम. मात्र तापाचा घरगुती पाऱ्याचा थर्मामीटर दुधात कदापि बुडवू नये, कारण त्याच्या मोजपट्टीची मर्यादा ४२ अंशांची असते, त्यापलीकडे तो फुटण्याचा संभव आणि पारा विषारी. मापक नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात धरावी. दहा आकडे मोजेपर्यंत सोसेल, पण ऊब स्पष्ट जाणवेल, ही परीक्षा पुरेशी होय. लिटरमागे एक मोठा चमचा ताजे, फार आंबट नसलेले दही वाटीत घेऊन त्यात थोडे कोमट दूध घालून एकजीव करावे आणि मग ते सर्व दुधात मिसळावे. विरजण अधिक घातले म्हणजे दही अधिक चांगले लागते हा भ्रम आहे. जादा विरजणाबरोबर जादा आम्लही दुधात जाते आणि दही आंबट व खरबरीत होते. बरणी आधी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी, आणि तिला साबणाचा अंश चिकटून राहू देऊ नये. यंत्र जेथे हादरा बसणार नाही अशा जागी ठेवावे, पाच-सहा तास झाकण उघडू नये, आणि दही लागताच बरणी बाहेर काढून शीतकपाटात ठेवावी. कारण यंत्रात राहिलेले दही आंबत जाणार, आणि शीतकपाटात काही तास मुरलेले दही अधिक घट्ट होणार.

विरजणाबाबत एक गोष्ट यंत्र वापरणाऱ्याने जाणून घ्यावी. घरच्या विरजणात वर सांगितलेल्या दोन्ही वर्गांचे जंतू एकत्र नांदत असतात. ते ४३ अंशांच्या यंत्रात पुनःपुन्हा लावीत राहिले, तर सौम्य उबेतला पहिला वर्ग तेथे वाढू शकत नाही, दुसऱ्याचा अंमल बसतो, आणि काही आठवड्यांत दह्याची चव बदलून ते पाश्चात्त्य धाटणीचे होते. ज्यांना फळे घालून किंवा नुसते चमच्याने खाण्यासाठी दही हवे, त्यांना हे इष्टच वाटेल. परंतु ज्यांना ताक घुसळून लोणी काढायचे आहे आणि धपाट्याबरोबर आजीच्या हातचे दही हवे आहे, त्यांनी मूळ विरजण हवेच्या उबेवर लावलेल्या दह्यातूनच राखावे आणि यंत्र केवळ अडीअडचणीला वापरावे. थर्मोस्टॅटचे अंश बदलता येत असतील, तर ३० अंशांवर यंत्र ठेवून रात्रभर दही लावणे हा दोहोंतील सुवर्णमध्य होय. विरजण संपले म्हणजे मिरचीचे देठ दुधात टाकण्याची जी वहिवाट आहे, तिच्यातही तथ्य आहे. देठांवर दूध आंबवणारे जंतू असतात. मात्र त्यांच्याबरोबर आणखी कोण आले याचा जामीन कोणी राहत नाही, म्हणून असे पहिले दही खाण्याऐवजी त्याचे विरजण करून दोन-तीन वेळा लावावे आणि मगच पानात वाढावे.

वीज जाणे हा आपल्या भागातील नित्याचा प्रसंग. दही लागत असताना वीज गेली, तर सर्वप्रथम झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा आणि यंत्रावर जाड टॉवेल किंवा घोंगडी टाकावी. लिटरभर कोमट दूध आपली ऊब तासभर तरी बऱ्यापैकी राखते. आरंभीच्या तासांत वीज गेल्यास दही लागण्यास विलंब होईल. उत्तरार्धात गेल्यास विशेष बिघडत नाही, कारण तोपर्यंत पुरेसे आम्ल तयार होऊन दुधाचे संरक्षण सुरू झालेले असते. खेड्यापाड्यांत जेथे विजेच्या वेळा ठरलेल्या असतात, तेथे त्या पाहूनच विरजणाची वेळ ठरवावी हे उत्तम.

इतके करूनही दही बिघडले, तर बिघाडाचे लक्षण पाहून कारण शोधता येते. दूध मुळीच लागले नाही, तर विरजण मृत असेल किंवा दूध फार गरम असताना ते घातले असेल. तसे नसल्यास दुधाकडे पाहावे. कासदाह झालेल्या जनावराला प्रतिजैविके दिल्यावर पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत न पाळता दूध काढून विकले, तर त्यातील औषधाच्या अंशाने विरजणाचे जंतूही मरतात; आणि दूध नासू नये म्हणून कोणी सोडा मिसळला असेल, तर तो आम्ल मारून टाकतो आणि दही लागू देत नाही. दही तार धरीत असेल, तर ते एका विशिष्ट जातीच्या जंतूंनी निर्माण केलेल्या चिकट शर्करेमुळे. ते विषारी नसते, पण विरजण बदलावे. वर निवळी आली असेल, तर ती फेकू नये, भाकरीच्या पिठात घालावी. तिचे प्रमाण मात्र अधिक असेल, तर पुढच्या वेळी मुदत कमी करावी. बुडबुडे, ताडीसारखा वास किंवा गुलाबी, हिरवी, केसाळ बुरशी दिसली, तर ते दही चाखूनही न पाहता टाकून द्यावे. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात दही कळकते आणि खाण्यास अपायकारक होते, म्हणून ती भांडी यासाठी वर्ज्य.

दही आरोग्यास हितकर खरे, परंतु त्याच्या गुणांची अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. दुग्धशर्करेचा काही भाग जंतूंनी आधीच खाल्लेला असतो आणि उरलेली पचवण्यासही त्यांची विकरे साहाय्य करतात. म्हणून ज्यांना दूध सोसत नाही अशा पुष्कळांना दही सोसते. रात्री दही खाऊ नये हा आयुर्वेदाचा दंडक घरोघरी पाळला जातो, तो ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे पाळावा. यंत्रातील दही गाडग्यातील दह्याहून अधिक पौष्टिक असते, असे मात्र कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये; दूध तेच असेल, तर पोषणही तेच.

तेव्हा निवाडा सांगावयाचा तो असा. नांदेड-लातूरच्या रहिवाशाला दह्यासाठी यंत्र बारमाही लागत नाही. फाल्गुनापासून आश्विनापर्यंत इथली हवा हे काम करण्यास समर्थ आहे, आणि त्या काळात यंत्र लावणे म्हणजे दही आंबवून घेणेच होय. कार्तिक संपल्यापासून माघापर्यंत मात्र ते उपयोगी आहे, आणि ज्यांचे कुटुंब लहान, घर सिमेंटचे आणि वेळ मोजका, त्यांनी ते जरूर घ्यावे. घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: यात थर्मोस्टॅट आहे काय, आणि अंश कमी-जास्त करता येतात काय? दोहोंचे उत्तर नकारार्थी आले, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि पातेल्यावर घोंगडी टाकावी. आणि यंत्र असो वा नसो, चांगल्या लागलेल्या दह्यातून दोन चमचे विरजण, कोणी खाण्याआधी, स्वच्छ झाकणाच्या वाटीत काढून ठेवण्याचा नेम कधीही मोडू नये.